म्युझियममध्ये फरशी पुसायचं काम मागून घेतलं आणि पुढे देवमाशांचा तज्ज्ञ झाला : रॉय चॅपमन अँड्र्यूजची गोष्ट

इन्स्टाग्रामवर असा एखादा तरी रील तुम्ही बघितलाच असेल. निळंशार पाणी, छोटी बोट, लाईफ जॅकेट घातलेली विशीतली पोरं-पोरी आणि समोर पाण्यातून वर आलेली देवमाशाची भलीमोठी शेपटी. खाली लिहिलेलं असतं व्हेल रिसर्च इंटर्नशिप. आणि कमेंटमध्ये निम्मी जनता विचारत असते की अर्ज कुठे करायचा.

रीलमध्ये न दिसणारी गोष्ट म्हणजे या इंटर्नशिपचा बराचसा वेळ शेपटी बघण्यात जातच नाही. तो बोट धुण्यात, सामान वाहण्यात, शेकडो फोटोंना नंबर देण्यात आणि पर्यटकांच्या त्याच त्याच प्रश्नांना हसून उत्तरं देण्यात जातो.

आता तुम्ही म्हणाल, एवढं शिकून हेच करायचं का?

तर या प्रश्नाचं सगळ्यात गाजलेलं उत्तर एका अमेरिकन पोराने १९०६ सालीच देऊन ठेवलंय. त्याचं नाव रॉय चॅपमन अँड्र्यूज. गोबीच्या वाळवंटात डायनासोरची अंडी शोधणारी मोहीम त्याचीच. इंडियाना जोन्स हे पात्र त्याच्यावरूनच घेतलं असं आजही सांगितलं जातं, अर्थात सिनेमा बनवणाऱ्यांनी त्याला कधी दुजोरा दिलेला नाही.

पण डायनासोरच्या आधी रॉयच्या आयुष्यात देवमासे आले होते. आणि देवमाशांच्या आधी आला होता एक मॉप.

पेंढा भरून कॉलेजची फी

रॉयचा जन्म २६ जानेवारी १८८४ चा. गाव बेलॉइट, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात. आजूबाजूला नदी, रान, शेतं. शाळेपेक्षा रानात जास्त वेळ काढणारी पोरं असतात, त्यातलाच हा एक.

मेलेल्या पक्ष्यांच्या, प्राण्यांच्या कातड्यात पेंढा भरून ते जिवंत असल्यासारखे उभे करायची कला असते, तिला टॅक्सिडर्मी म्हणतात. रॉय ती पुस्तक वाचून घरच्या घरी शिकला. त्या काळी शिकारीचा शौक जोरात होता. शिकार केलेलं जनावर दिवाणखान्यात मांडायची हौस असलेले लोक रॉयकडे यायचे. त्या पैशातून त्याने बेलॉइट कॉलेजचा खर्च भागवला.

कॉलेजात असतानाच एक वाईट प्रसंग घडला. १९०५ च्या वसंतात रॉय आणि त्याचा मित्र, जो त्याच कॉलेजात शिकवायचा, रॉक नदीवर होडी घेऊन गेले. पाणी बर्फासारखं गार आणि नदीला पूर. होडी उलटली. रॉय कसाबसा काठाला लागला, मित्र बुडाला.

या धक्क्यातून सावरायला त्याला बराच काळ लागला. असा अनुभव आलेला माणूस पाण्यापासून लांब राहिला असता तर कुणी त्याला नावं ठेवली नसती. पण रॉयच्या पुढच्या आयुष्यातली कितीतरी वर्षं समुद्रावरच गेली.

नोकरी नाही म्हटल्यावर फरशी मागितली

१९०६ मध्ये पदवी मिळाली आणि रॉयने थेट न्यूयॉर्क गाठलं. लहानपणापासून डोक्यात एकच जागा होती, अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी.

म्युझियमचे संचालक होते हर्मन बंपस. त्यांनी पोराला भेट दिली, त्याचं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं की जागा रिकामी नाही. कुठलीच नाही.

इथे बहुतेक जण आभार मानून उठले असते. रॉयने विचारलं की इथल्या फरश्या तर कुणीतरी पुसतच असेल ना, मग ते काम त्याला का मिळू नये. बंपस यांना आश्चर्य वाटलं. पदवी घेतलेला पोरगा फरशी पुसणार? रॉयचं म्हणणं होतं की कुठलीही फरशी त्याने पुसली नसती, पण या म्युझियमच्या फरशीची गोष्ट वेगळी.

बंपस यांनी त्याला टॅक्सिडर्मी विभागात ठेवून घेतलं. पगार महिना ४० डॉलर. काम फरशी पुसायचं आणि मग जेम्स क्लार्क नावाच्या तरुण टॅक्सिडर्मिस्टच्या हाताखाली पडेल ते करायचं.

आजच्या भाषेत सांगायचं तर ही रॉयची इंटर्नशिप होती. पुढे हा किस्सा तो आयुष्यभर सांगत राहिला आणि तो इतका गाजला की करिअरवरच्या भाषणांमध्ये आजही फिरत असतो. मात्र त्यात एक गोष्ट नेहमी गाळली जाते. तिच्याकडे आपण शेवटी येऊ.

पहिला देवमासा कागदाचा

थोड्याच दिवसांत रॉयच्या वाट्याला पहिला देवमासा आला. हाडामांसाचा नाही, कागदाचा.

म्युझियमला निळ्या देवमाशाची, म्हणजे ब्लू व्हेलची, खऱ्या आकाराची प्रतिकृती छताला टांगायची होती. लांबी ७६ फूट. लोखंडाचा आणि लाकडाचा सांगाडा तयार होता, त्यावर कागद चढवला जात होता. पण कागद सांगाड्याच्या पट्ट्यांमध्ये आत बसायचा. बघणाऱ्याला वाटायचं की बिचाऱ्या देवमाशाला कित्येक महिने खायलाच मिळालेलं नाही.

क्लार्क आणि रॉयने तारेची जाळी आणि कागदाचा लगदा वापरून हे काम निस्तरलं. गणपतीच्या दिवसांत लगद्याचे देखावे करणाऱ्या आपल्याकडच्या कारागिरांना ही युक्ती वेगळी सांगायला नको. लगदा फुगीर बसला, पोट गोलाईला आलं आणि देवमासा खाल्ल्यापिल्ल्यासारखा दिसायला लागला.

गंमत म्हणजे जिवंत देवमासा रॉयने तोवर बघितलेलाही नव्हता. पण बोट, भाला किंवा दुर्बीण न घेताही देवमाशाबद्दल लोकांना शिकवता येतं हे त्याला इथे कळलं. ज्या माणसाने समुद्रच पाहिलेला नाही, त्याला ७६ फूट म्हणजे किती हे आकडा सांगून कळत नाही. डोक्यावर टांगून दाखवावं लागतं.

हाडं सगळी पाहिजेत

खरी परीक्षा फेब्रुवारी १९०७ मध्ये झाली.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर ॲमागॅन्सेट नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या शिकाऱ्यांनी एक राईट व्हेल मारला. राईट हे नाव त्याला पडलं ते शिकाऱ्यांच्या सोयीमुळे, असं सांगतात. हळू पोहतो, मेल्यावर बुडत नाही, चरबी भरपूर, म्हणून मारायला हाच योग्य. त्याच्या तोंडात दातांऐवजी लवचिक पट्ट्यांची झालर असते. तिला बलीन म्हणतात. आपली नखं ज्या पदार्थाची असतात त्याच पदार्थाची ती असते. पाणी गाळून त्यातले बारीक जीव खायला देवमाशाला ती लागते. माणसाला ती लागायची बायकांचे कमर आवळणारे कॉर्सेट ताठ ठेवायला. त्यामुळे बलीनला मोठा भाव होता.

बंपस यांनी क्लार्क आणि रॉय यांना पाठवलं. हुकूम साधा होता. फोटो, बलीन आणि सांगाडा आणायचा, आणि सांगाड्यातलं एकही हाड मागे ठेवायचं नाही.

दोघं पोहोचले. कडाक्याची थंडी, समोर ५० फुटांहून मोठं धूड. चरबी काढून झालेली, बाकी सगळं मांस हाडांवर तसंच. काम सुरू झालं आणि वादळ आलं. लाटांनी वाळू आणून ओतली आणि देवमासा अख्खाच्या अख्खा गाडला गेला.

वादळ ओसरल्यावर त्यांनी कोळ्यांना मदतीला घेतलं आणि वाळू उपसायला सुरुवात केली. खड्डा खणला की त्यात बर्फाळ पाणी भरायचं. त्या पाण्यात हात घालून, चाचपत, मांस कापत एकेक हाड मोकळं करायचं. हे दिवसचे दिवस चाललं.

यातली सगळ्यात महत्त्वाची हाडं दिसायला अगदी क्षुल्लक होती. देवमाशाच्या शरीरात मागच्या बाजूला मांसात दडलेली दोन छोटी हाडं असतात. मणक्याला ती जोडलेली नसतात. ती आहेत त्याच्या कमरेची. देवमाशाचे पूर्वज एकेकाळी चार पायांवर जमिनीवर चालायचे, त्याची ही शिल्लक राहिलेली खूण. आपल्या कच्छमध्येही देवमाशांच्या अशा प्राचीन पूर्वजांचे जीवाश्म मिळाले आहेत. ज्याला हे माहीत नाही तो ही हाडं मांसाबरोबर फेकून देणार. या दोघांनी ती जपून काढली. सांगाडा पूर्ण म्युझियममध्ये पोहोचला.

पुढे रॉयने याच विषयावर एक अजब नोंदही प्रसिद्ध केली. १९१९ मध्ये कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाजवळ एक हंपबॅक व्हेल मारला गेला होता. त्याला शरीराबाहेर आलेले, सुमारे चार फूट लांबीचे मागचे दोन पाय होते. लाखो वर्षांपूर्वी गेलेला अवयव एखाद्या जीवात अवचित परत दिसतो, त्याचं हे गाजलेलं उदाहरण आहे.

ॲमागॅन्सेटहून परत आल्यावर रॉयच्या लक्षात आलं की जगातल्या सगळ्यात मोठ्या प्राण्याबद्दल विज्ञानाला फारच थोडं माहीत आहे. किनाऱ्यावर सडलेली धुडं आणि शिकाऱ्यांच्या ऐकीव गोष्टी, एवढीच माहितीची साधनं होती. मॉपवाल्या पोराने आपला विषय निवडला.

शिक्षण कत्तलखान्यात

१९०८ मध्ये म्युझियमने त्याला पॅसिफिक किनाऱ्यावर पाठवलं. व्हँकुव्हर बेट आणि अलास्का इथे देवमासे कापायची मोठी केंद्रं होती. शिकारी बोटी तोफेतून भाला मारायच्या, मेलेला देवमासा ओढत केंद्रावर आणायच्या आणि तिथे त्याचं तेल, खत, मांस वेगळं व्हायचं.

रॉय टेप, वही आणि कॅमेरा घेऊन तिथे उभा राहायचा. देवमासा धक्क्यावर आला की कापणारे सुऱ्या घेऊन तयार असायचे, त्यांना थांबायला वेळ नसायचा. तेवढ्यात याने लांबी, शेपटीची रुंदी, पराची लांबी मोजायची, रंग टिपायचा, फोटो काढायचा. पोट फाडलं की काय खाल्लं होतं ते बघायचं. मादीच्या पोटात पिल्लू असेल तर त्याचीही नोंद करायची. चरबी, रक्त आणि तो वास, हे सगळं त्यात आलंच.

मग शिकारी बोटींवरून समुद्रात. तिथे रॉयचे हाल व्हायचे, कारण त्याला बोट लागायची. उलट्या करत करत तो जिवंत देवमाशांचे फोटो काढायचा. श्वासाचा फवारा कसा दिसतो, बुडी मारताना पाठ कशी वळते, शेपटी वर येते की नाही, हे टिपायचा. आज व्हेल रिसर्चच्या इंटर्नला पहिल्या आठवड्यात लांबून जात ओळखायला शिकवतात, ती याच खुणांवरून.

त्याच वर्षी न्यूझीलंडहून आलेल्या एका सांगाड्यावरून त्याने चोचीसारखं तोंड असलेल्या देवमाशाची नवी जात जगासमोर मांडली. तिला आज अँड्र्यूजचा बीक्ड व्हेल म्हणतात. फरशी पुसायला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती.

पुढे १९०९-१० मध्ये अल्बट्रॉस या अमेरिकन संशोधन जहाजावरून तो आग्नेय आशियात फिरला आणि मग जपानला गेला. तिथल्या व्हेलिंग केंद्रांवर त्याने महिनोन्‌महिने काढले आणि सांगाडे न्यूयॉर्कला पाठवले. इथेच त्याच्या कानावर एक विचित्र बातमी आली.

भुताचा देवमासा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एकेकाळी ग्रे व्हेल पुष्कळ होते. पिल्लांना जन्म द्यायला ते मेक्सिकोच्या उथळ खाड्यांमध्ये यायचे आणि शिकारी नेमके तिथेच त्यांना गाठायचे. पिल्लाला भाला लागला की आई बोटीवर चालून जायची, बोटी फोडायची. म्हणून शिकाऱ्यांनी त्याला डेव्हिलफिश, म्हणजे सैतान मासा, असं नाव ठेवलं. आपल्याकडे याच प्राण्याला देवमासा म्हणतात. खरं तर तो मासाही नाही, सस्तन प्राणी आहे. पण कुणाला त्यात देव दिसला आणि कुणाला सैतान, ते बघण्यासारखं आहे.

विसावं शतक सुरू होईपर्यंत ग्रे व्हेल इतके मारले गेले होते की ते जवळपास संपलेच, असं शास्त्रज्ञांना वाटत होतं. पण जपानी शिकारी रॉयला ज्या देवमाशाचं वर्णन सांगत होते, ते हुबेहूब ग्रे व्हेलचं होतं. कोरियाच्या किनाऱ्यावर दर हिवाळ्यात तो मिळतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

१९१२ च्या सुरुवातीला रॉय कोरियातल्या उल्सानला पोहोचला. तेव्हा कोरियावर जपानची सत्ता होती आणि व्हेलिंगही जपानी कंपन्यांच्या हातात होतं. शिकारी बोट धक्क्याला लागली आणि रॉयने बाजूला बांधलेलं धूड बघितलं. ग्रे व्हेलच होता.

कोरियन लोक त्याला भुताचा देवमासा म्हणतात. किनाऱ्याजवळच्या खडकांमधून अचानक डोकं वर काढतो आणि क्षणात गायब होतो, म्हणून हे नाव. विज्ञानाने जवळपास मेला म्हणून सोडून दिलेला प्राणी असा भुतासारखाच समोर आला.

रॉय तिथे अनेक आठवडे राहिला. एकामागून एक आलेले ग्रे व्हेल त्याने मोजले, कापताना तपासले. दोन सांगाडे अमेरिकेत गेले, एक त्याच्या म्युझियमला आणि एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनला. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची मास्टर्स पदवी आणि १९१४ मध्ये ग्रे व्हेलवरचा त्याचा सविस्तर ग्रंथ आला. कोरियाकडचे ग्रे व्हेल आणि कॅलिफोर्नियाकडचे ग्रे व्हेल हे दोन वेगळे कळप असावेत, असं त्याने मांडलं. आजही शास्त्रज्ञ पूर्वेचे आणि पश्चिमेचे ग्रे व्हेल असाच हिशोब ठेवतात.

आता या शोधाची दुसरी बाजू बघा.

ज्या प्राण्याला रॉयने पुन्हा शोधलं, तो त्याच्या डोळ्यांसमोर संपवला जात होता. त्याची प्रत्येक नोंद म्हणजे एक मेलेला देवमासा. तो शिकाऱ्यांच्या बोटीवरून फिरला, त्यांच्या धक्क्यावर शिकला, त्यांच्याकडून सांगाडे घेतले. त्या काळी देवमाशांचा अभ्यास करायचा दुसरा मार्ग जवळजवळ नव्हता हे खरं. पण शिकार त्यानंतरही चालूच राहिली आणि कोरियाच्या पाण्यातला तो कळप आटत गेला. १९६२ मध्ये दक्षिण कोरियाने उल्सानचा समुद्र ग्रे व्हेलसाठी नैसर्गिक वारसा म्हणून जाहीर केला. तिथे ग्रे व्हेल शेवटचा दिसला तो १९७७ मध्ये. पश्चिमेकडच्या कळपात आज काहीशेच ग्रे व्हेल उरले आहेत.

पूर्वेकडच्या कळपाला मात्र वेळेत संरक्षण मिळालं. ती संख्या वाढत वीस हजारांच्या पुढे गेली होती, गेल्या काही वर्षांत पुन्हा घसरली आहे. ॲमागॅन्सेटला ज्या राईट व्हेलचा सांगाडा रॉयने वाळूतून काढला, ती उत्तर अटलांटिकमधली जात आज ४०० च्याही खाली आहे.

मग आले डायनासोर

१९१६ मध्ये रॉयने देवमाशांच्या शिकारीवर आणि फोटोग्राफीवर लोकांसाठी पुस्तक लिहिलं. त्याआधीपासूनच तो फोटो दाखवत व्याख्यानं द्यायचा, मासिकांत लिहायचा. मग त्याचं मन आशियाच्या जमिनीकडे वळलं.

१९२२ ते १९३० दरम्यान गोबीच्या वाळवंटात त्याने मोटारी आणि उंटांचे तांडे घेऊन मोहिमा नेल्या. माणसाचे पूर्वज शोधायला गेले होते, ते मिळाले नाहीत. मिळाले डायनासोर. १९२३ मध्ये मंगोलियातल्या फ्लेमिंग क्लिफ्स या लाल कड्यांपाशी अंड्यांची घरटी सापडली आणि रॉय जगभर गाजला.

इथेही चुका झाल्याच. ती अंडी ज्या डायनासोरची समजली गेली त्याची ती नव्हतीच. घरट्याशेजारी सापडलेल्या दुसऱ्या डायनासोरला अंडीचोर ठरवून ओव्हिरॅप्टर हे नाव दिलं गेलं. १९९३ मध्ये याच म्युझियमच्या टीमला अंड्यात पिल्लाचे अवशेष सापडले आणि कळलं की तशी अंडी ओव्हिरॅप्टरच्याच कुळातली होती. चोर म्हणून बदनाम झालेली आपल्याच घरट्यावर बसलेली निघाली.

दुसरी चूक महागात पडली. मोहिमेला पैसा मिळावा म्हणून एका अंड्याचा लिलाव झाला, ५००० डॉलर आले. पण त्यामुळे चीन आणि मंगोलियात असा समज झाला की हे लोक आपल्या देशातून मौल्यवान वस्तू नेऊन विकतात. पुढच्या मोहिमांना अडचणी आल्या आणि १९३० नंतर त्या बंदच झाल्या.

१९३५ मध्ये रॉय त्याच म्युझियमचा संचालक झाला. ज्या पदावरच्या माणसाकडे त्याने फरशी पुसायचं काम मागितलं होतं, तीच खुर्ची. सिनेमाची गोष्ट असती तर इथेच संपली असती. पण मंदीचे दिवस होते, पैसा नव्हता आणि मैदानावरच्या माणसाला ऑफिस काही मानवलं नाही. १९४२ मध्ये तो पायउतार झाला.

त्यानंतर त्याने मुलांसाठी सोप्या भाषेत पुस्तकं लिहिली. १९५३ मध्ये डायनासोरवर, १९५४ मध्ये देवमाशांवर. ही पुस्तकं वाचून अमेरिकेतली एक पिढी प्राण्यांच्या नादी लागली. ११ मार्च १९६० ला कॅलिफोर्नियात त्याचं निधन झालं.

मॉप लक्षात राहिला, पगार विसरला

आता सुरुवातीला म्हटलं होतं, त्या गाळलेल्या गोष्टीकडे येऊ.

रॉयचा किस्सा सांगताना सगळे मॉपबद्दल बोलतात. छोटं काम करायला लाजू नका, जिद्द ठेवा, दार उघडतं. त्यात खोटं काही नाही. पण त्याला त्या कामाचे महिन्याला ४० डॉलर मिळत होते हे कुणी सांगत नाही. रॉय फुकट राबला नव्हता. पगार होता म्हणून तो न्यूयॉर्कमध्ये राहू शकला, पुढे शिकू शकला.

आज देवमाशांवर काम करणाऱ्या बऱ्याच इंटर्नशिप बिनपगारी असतात. काही ठिकाणी राहण्या-खाण्याचा खर्च स्वतः करावा लागतो, काही ठिकाणी तर उलट फी भरावी लागते. पगारी किंवा स्टायपेंड असलेल्या जागाही आहेत, पण त्यांच्यावर उड्या पडतात. म्हणजे मॉप हातात घ्यायची कितीही तयारी असली तरी घरून काही महिने पैसे येणार नसतील तर तो मॉपसुद्धा परवडत नाही. आणि रॉयच्या काळातलं दारही काही सगळ्यांसाठी उघडं नव्हतं. गोबीच्या मोहिमांमधल्या शास्त्रज्ञांत एकही बाई नव्हती.

त्यामुळे अर्ज करायचा असेल तर जिद्दीबरोबर साधे प्रश्नही विचारायला शिकायला हवं. स्टायपेंड किती? राहायची सोय कुणाची? बोटीवर किती दिवस आणि कॉम्प्युटरसमोर किती? आपण गोळा केलेल्या माहितीवर पेपर निघाला तर नाव येणार का? आणि शिकवणारा माणूस कोण? रॉयला क्लार्क भेटला, हे त्याच्या नशिबातलं मोठं दान होतं.

एक बदल मात्र नक्कीच चांगला झालाय. आज शिकायला देवमासा मारावा लागत नाही. हंपबॅकच्या शेपटीखालचे काळे-पांढरे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. फोटो काढून तोच देवमासा वर्षानुवर्षं ओळखता येतो. पाण्यात माईक सोडून त्यांचे आवाज ऐकता येतात, ड्रोनवरून लांबी मोजता येते. आणि मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला तर तो का मेला हे शोधायला इंटर्न आजही सुऱ्या घेऊन वाळूत उतरतात, रॉयसारखेच.

असे किनारे फक्त अमेरिकेतच नाहीत. जून २०१५ मध्ये रायगडमधल्या रेवदंड्याला ब्लू व्हेल वाहून आला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं, तेव्हा गावकऱ्यांपासून सरकारी यंत्रणेपर्यंत सगळे राबले. पिल्लू समुद्रात नेऊन सोडलं, तरी शेवटी वाचलं नाही. भारतात देवमाशांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे. पण आपल्या समुद्रात ते कुठून येतात, किती आहेत, कधी जातात, यातलं फार थोडं ठाऊक आहे. म्हणजे १९०७ मध्ये वाळू उपसताना रॉयला जे जाणवलं होतं, ते कोकण किनाऱ्याला आजही लागू पडतं.

रॉयने मदत केलेली कागदाची प्रतिकृती आता तिथे नाही. म्युझियममध्ये आज ९४ फुटांचा ब्लू व्हेल टांगलेला आहे. रात्री मुलांना म्युझियममध्ये झोपायला नेण्याचे कार्यक्रम होतात आणि मुलं त्याच्या पोटाखाली अंथरूण टाकतात. वर बघत झोपी जातात.

त्यांच्याखालची फरशी रोज कुणीतरी पुसतंच. त्याला पगार वेळेवर मिळावा आणि वर बघून प्रश्न विचारायची मोकळीकही असावी. कारण पुढचा देवमाशांचा तज्ज्ञ कदाचित तिथेच काम करत असेल.